शेवटच्या बोलीचा फायदा

सी.पी.च्या, म्हणजे जुन्या मध्यप्रांताच्या काळातली गोष्ट. आमच्या दीक्षितपुऱ्यातल्या सासरी दिवाळीच्या पाडव्याला सकाळचा फराळ झाला की तीन पत्ती मांडत. मामंजींना पैसे लावणं पटत नसे, म्हणून चिंचोके. पण सगळ्यांत जास्त चिंचोके जिंकेल त्यानं मामंजींकडे एक गोष्ट मागायची, आणि ते कधी नाही म्हणत नसत. जाऊबाईंनी एकदा लुगडं मागितलं होतं. मला हवं होतं माहेर. नरसिंगपूर! गाडीनं ते असं कितीसं लांब? पण लग्नानंतर तीन भाऊबीजा हुकल्या. पहिल्या वर्षी पाहुणे, दुसऱ्या वर्षी जाऊबाईंचं बाळंतपण, तिसऱ्या वर्षी तर कारण सांगायची तसदीही कुणी घेतली नाही. मी स्वयंपाकघरात पातेली आपटली, एवढंच. तोंडानं मागायची हिंमत कुठली!

खेळातही आमच्याकडे मानपान. पहिली बोली मामंजींची, मग सासूबाई, भावजी, जाऊबाई, आमचे हे, आणि सगळ्यांत शेवटी मी. जळो मेला तो मान, असं मला दोन वर्षं वाटत राहिलं. तिसऱ्या वर्षी डोक्यात उजेड पडला. अहो, माझी पाळी येईतो पाचही जणांच्या मनातलं मला कळलेलं असे! चांगली पानं आली की मामंजी गप्प होत; भिकार आली की म्हणत, "चलो, पाहू."

चौथ्या पाडव्याला मी ठरवूनच बसले. माझ्या आधीच्यांनी भीतभीत एकेक चिंचोका सरकवला, की मी धाडकन पाच लावायची. हातात काहीही असो!

"बाई बाई, हिला आज पानं लागून राहिली," म्हणत जाऊबाई हातातली पानं टाकून द्यायच्या.

शेवटच्या डावाला मामंजींची नि माझी रास सारखीच. "चलो, पाहू," म्हणत त्यांनी एक चिंचोका टाकला. बाकीच्यांनी डाव सोडला. माझ्याकडे दुर्री, चौकी, सत्ती, तीही तीन रंगांची. मी अख्खी रास पुढे लोटली. मामंजींनी तेवढेच लावून पानं उघडायला सांगितलं असतं, तर चौथी भाऊबीजही गेलीच होती.

"काहून वं सूनबाई, असं काय आलं हातात?"

मी पानं जमिनीवर पालथी ठेवली. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि आपली पानं टाकली.

"नरसिंगपूर," मी एका दमात म्हणाले.

मामंजींनी हात लांब करून माझी पानं उलटली, आणि डोळ्यांत पाणी येईतो हसले. त्याच संध्याकाळी यांनी मला गाडीत बसवलं.

पुढच्या पाडव्याला मी आपल्या शेवटच्या जागी बसणार, तोच मामंजी म्हणाले, "आजपासून पहिली बोली धाकट्या सूनबाईची."

जाऊबाईंना वाटलं, केवढा हा मान! माझं तोंड मात्र खर्रकन उतरलं.

"तोंड काहून पाडून राहिली?" मामंजी म्हणाले. "नरसिंगपूरचं तिकीट माझ्या खिशात आहे. दरसाल जायचं, आणि जायचं असलं की तोंडानं सांगायचं. आता खेळ."

त्या दिवशी मी सगळेच्या सगळे डाव हरले.