‘नूतनीकरण’ या शब्दाचा वाक्यात उपयोग

“तोंड उघड,” सर म्हणाले. मी उघडलं नाही. त्यांनी दोन बोटांनी माझे गाल दाबले आणि स्वतःच्या डब्यातला भात माझ्या तोंडात कोंबला.

सहावीचा वर्ग. तलासरीकडची शाळा. मराठीचा तास. माझा गुन्हा एवढाच, की मी एक वाक्य लिहिलं होतं. फळ्यावर शब्द होता ‘नूतनीकरण’. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायचा होता. पुढच्या बाकावरच्यांनी रस्त्याचं लिहिलं, बस स्टँडचं लिहिलं. आमच्या पाड्यावर रस्ताच नव्हता. मी लिहिलं, ‘नवं खाल्लं की आमच्या घराचं नूतनीकरण होतं.’

सरांनी ते मोठ्याने वाचलं. वर्ग खो खो हसला.

“नूतनीकरण इमारतीचं होतं. झोपडीचं नाही,” सर म्हणाले. “आणि हे नवं काय असतं गं?”

मला वाटलं, खरंच विचारतायत. मी भाबडेपणाने सगळं सांगितलं. भात कापून घरी आला तरी लगेच खायचा नाही. भगत दिवस सांगतो. त्या दिवशी आधी कणसरीला, म्हणजे आमच्या धान्यदेवीला दाखवायचं, मग घरच्यांनी खायचं. तोवर जुन्या तांदळावर भागवायचं, तो संपला तर नाचणीवर. नव्याच्या दिवशी आई घर सारवते, भांडणं मिटतात, रुसलेला काका जेवायला येतो. आमच्या घरी यंदा नवं अजून झालेलं नाही, हेही मीच सांगून बसले.

सरांना कुणीतरी नव्या तांदळाची पिशवी दिली होती. त्याचाच भात त्यांच्या डब्यात होता.

“खा. बघू तुझी कणसरी काय करते.”

मी गिळला. थुंकायची हिंमत नव्हती. कणसरीने काही केलं नाही. जे केलं ते माणसांनीच केलं.

घरी सांगितलं तेव्हा आई रडली. दुसऱ्या दिवशी बाबा चिकूवाडीतल्या कामावर खाडा करून शाळेत आले. चपला बाहेर काढल्या. वर्गाच्या दारात हात जोडून उभे राहिले.

“सर, पोरीला नवं कशाला खाऊ घातलं? आमचे देवाला अजून दाखवलं नाय.”

सरांनी खडू खाली ठेवला. “पोरगी कुठला शब्द शिकतेय, माहीत आहे का? म्हणा, नूतनीकरण.”

“नुतन... नुतकरन.”

“पुन्हा.”

तीन वेळा म्हणायला लावलं. चाळिशीचा माणूस. कपाळावर घाम. जोडलेले हात तसेच. पोरं बाकं बडवत होती. आणि मीही हसले. हो, मी. माझ्या बापाला हसले. हसलं की आपणही पुढच्या बाकावरचे होऊ, असं वाटलं असेल. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला स्वतःची किळस आली. ती अजून गेलेली नाही.

मी उठले. 

“सर, नवं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्हाला कुणी हसलं नाही.”

कानाखाली बसली. महिनाभर व्हरांड्यात बसून शिकले. माफी माग, म्हणाले. एकदाही मागितली नाही.

आज मी याच तालुक्यात मराठी शिकवते. परवा त्या शाळेतून फोन आला. सर निवृत्त होतायत, सत्कार आहे, त्यांची विद्यार्थिनी शिक्षिका झाली, तेव्हा तुम्ही चार चांगले शब्द बोला. बाबा म्हणाले, “जाऊ दे पोरी, म्हातारा झाला तो.” बाबाही म्हातारे झालेत. त्यांची माफी मागायला कुणी आलेलं नाही.

मी हो म्हटलं आहे. चांगले शब्द माझ्याकडे नाहीत. हे जे लिहिलंय, तेच माइकवर वाचणार आहे. सरांसमोर, त्यांच्या बायकोमुलांसमोर. एक ओळ गाळणार नाही. माझं हसणंसुद्धा.