एडिल्सा ठिगळवाली आणि सीलबंद स्पीकर

स्पीकर फाटला की माणूस एडिल्साच्या दारात यायचा, आणि येताना तोंड असं करायचा की घरच्यांना चोरून वैदूकडं आलाय.

बारान्किया शहरातल्या रेबोलो वस्तीत तिचं दुकान म्हणजे घराची पुढली पडवी. भिंतीला कागदी कोन काढलेले स्पीकर टांगलेले, टेबलावर डिंकाचे डबे, वस्तरा, कानस आणि जुन्या एक्स-रे फिल्मच्या कातरलेल्या पट्ट्या. त्या पट्ट्या स्पीकरच्या आतल्या तारेच्या कॉइलभोवती खुपसून ती कॉइल मधोमध बसवायची, डिंक वाळला की ओढून काढायची. कुणाची बरगडी, कुणाचा मोडका खुबा, निम्म्या वस्तीची हाडं तिच्या बोटांखालून गेली होती.

मूळची ती नदीकाठच्या कोळीगावची. मासा साफ करणारा हात, त्यामुळं पातळ कागदाशी कसं वागायचं हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. बाकीचं नवऱ्याचं बघून शिकली. नवरा एका बँडबरोबर गावोगाव जातो म्हणून गेला तो तिकडलाच झाला. "माणूस गेला त्याचं काय न्हाई, कानस इसरला ते लई ब्येस झालं," असं ती येईल त्याला सांगायची, आणि सांगताना डोळ्यांत टिपूस नसायचं. अठ्ठावीस वर्षं ती कानस झिजत होती.

लोक तिला ठिगळवाली म्हणायचे. शनिवारी तिनं बांधलेल्या स्पीकरवर घाम फुटेस्तोवर नाचायचं आणि सोमवारी म्हणायचं, चांगलंय, पण फॅक्टरीची सर न्हाई. तिला या कानवाल्यांची किळस होती. वस्तीत दर दुसऱ्या गल्लीला एक बैठकीचा अड्डा. तिथं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पुरुष बियर घेऊन बसायचे आणि पेटाऱ्याएवढ्या खोक्यांकडं तोंड करून चर्चमध्ये बसावं तसे गंभीर व्हायचे. ज्याचे स्पीकर भारी त्याला मान. शेजाऱ्यानं तसलेच आणू नयेत म्हणून मालक तिच्याकडून मॅग्नेटवरचा मॉडेलचा आकडा कानशीनं खरवडून घ्यायचे. दहा वर्षांनी स्पीकर जळला की तेच मालक तो घेऊन यायचे आणि हिलाच विचारायचे, "ह्येचा आकडा कंचा व्हता गं?"

तिचा धाकटा भाऊ लिबार्दो यांच्यातलाच. त्याचा अड्डा पल्याडच्या गल्लीत. पुढं त्याचं संगीत, आणि मागल्या पडवीत त्याच्या बायकोचा, नेरेइदाचा, भला मोठा आडवा फ्रीजर. चिंचेच्या आणि कोरोसो नावाच्या आंबट फळाच्या बर्फकांड्या, बर्फाच्या लाद्या, शेजारपाजाऱ्यांचे मासे, सगळं त्यात. अड्ड्यावर जे मिळायचं ते अड्डाच पिऊन टाकायचा. घर खायचं ते फ्रीजरवर.

कार्निव्हलला तीन आठवडे राहिले असताना, एका शनिवारी सकाळी, नेरेइदा हातात ओला गोणपाट तसाच घेऊन पडवीत शिरली.

"वन्सं, उठा. तुमच्या भावानं फ्रीजर गाढवगाडीवर चढवलाय."

"कशापायी?"

"इकतोय. मासळीवाला येऊन हुबा हाय. त्या राजधानीच्या बाबानं स्पीकर आणल्यात म्हनं. बावीस वर्सं झाली त्ये बनायचं बंद हून. खोकं अजून सीलबंद. हात लागल्याला न्हाई कुनाचा."

"आन् किंमत?"

"आजच्या नव्या जोडीची. पुरी. एक पेसो कमी न्हाई म्हनतोय."

एडिल्सानं वस्तरा पुसला, कमरेला खोचला आणि निघाली. वाटेत नेरेइदाच तेवढी बोलत होती, की कांड्या घमेल्यात काढून झाकल्यात, तासाभरात सगळं पाणी होईल, आणि हा माणूस मेला तर मी दुखवट्याचं काळं नेसणार नाही.

अड्ड्याच्या दारात गाढवगाडी उभी होती. फ्रीजर दोरखंडानं आवळलेला, त्याची वायर चिखलात लोळत होती. आत तासाभरापासून गाणं चाललेलं. दोन खोकी, त्यांत ते दोन स्पीकर बसवलेले, आणि समोर आठ-दहा पुरुष डोळे मिटून. बाजूला तो राजधानीचा व्यापारी, सामुदियो, इस्त्रीचा पांढरा सदरा, या उकाड्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेली. फाडलेलं खोकं त्यानं मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं टेबलावर ठेवलं होतं.

"सील मी यांच्या डोळ्यांदेखत तोडलं, बाई," तो म्हणाला. थंड डोंगरावरच्या शहराचं ते मऊ बोलणं. "आपण यांच्या भगिनी ना? खूप ऐकलंय आपल्याबद्दल."

"काय ऐकलंय?"

"आपण दुरुस्त्या करता, असं."

समोरच्या खुर्चीतला एपार्किओ मास्तर हसला. यानं जन्मात कुणाला शिकवलं नव्हतं, पण जास्त बोलायचा म्हणून मास्तर. "एडिल्सा, जरा ऐक गं बसून. ही फॅक्टरी. ह्येच्यात ठिगळ न्हाई. खालचा घुमारा, ह्यो बास, बघ कसा पोटात शिरतुया."

एडिल्सा भावाकडं वळली. "लिबार्दो, फ्रीजर उतरव."

"आक्का, तुला काय कळतंय ह्यातलं..." एवढं बोलून तो स्वतःच थांबला, कारण कळणारी वस्तीत ती एकटीच होती. मग दमानं म्हणाला, "असा माल परत न्हाई मिळायचा. बनतच न्हाईत."

"बनत न्हाईत, म्हनून तर सांगतीया. नव्याची पुरी किंमत मानूस कशाची देतो? वस्तूची निम्मी, आन् उद्या जळली तर दाद मागायची निम्मी. ह्येची कॉइल जळली तर कुनाच्या दारात जाशील? ती फॅक्टरी हात झटकून मोकळी झाली. दुकानदार ह्यो, पहाटंच्या बशीनं जाईल. मग ती निम्मी किंमत कुनाच्या खिशात चालली? लोखंड आन् मॅग्नेट टिकतो, त्याचं दे की पैसं. मी न्हाई म्हनत न्हाई. पर कोनाचा कागद आन् कडंचा फोम खोक्यात बसूनबी सडतो. बावीस वर्सं कोऱ्या राहिल्याल्या फोमचं आपल्या हवेत काळं चिकाट हुतं. बोट लावलं की नाकातल्या शेंबडावानी येतं हाताला."

"बघा की मग," सामुदियो शांतपणे म्हणाला. "बोट लावून बघा."

तिनं लावलं. फोम मऊ, ताजा, तुकतुकीत. पुरुषांनी एकमेकांकडं बघून माना डोलावल्या. लिबार्दोच्या चेहऱ्यावर पोर झाल्याचा आनंद.

"थंड प्रदेशातलं गोदाम," सामुदियो म्हणाला. "हवा कोरडी. माल जसाच्या तसा."

"आन् वास घे," मास्तर म्हणाला. "तासभर तापल्यावर कसा कोऱ्या मालाचा वास सुटलाय. असला वास आताच्या मालाला न्हाई."

एडिल्सा वाकली. नाक कोनाजवळ नेलं. आणि तशीच वाकून राहिली.

तो बूट पॉलिशचा वास होता. काळं पॉलिश, चपट्या डबीतलं. पांढरा डिंक काळ्या कोनावर दिसतो आणि गिऱ्हाईक कुरकुरतं, म्हणून ती वर्षानुवर्षं डिंकात बोटभर पॉलिश कालवत आली होती. हे नवऱ्यालाही सुचलं नव्हतं. स्पीकर तापला की पहिली काही वर्षं त्याला शाळेतल्या बुटांसारखा वास यायचा. कुठल्याही देशाची कुठलीही फॅक्टरी डिंकात पॉलिश घालत नसणार.

 सामुदियोपेक्षा त्या मिटलेल्या डोळ्यांची तिला जास्त शिसारी आली.

"गाणं बंद कर," ती म्हणाली. "पाना आन."

"बाई, चालू मालाला हात लावायचा नाही," सामुदियो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा चढला.

"तुज्या मालाला न्हाई लावत. माज्या कामाला लावतीया."

लिबार्दो मधे पडायला उठला, तर नेरेइदानं त्याला गोणपाटानं असा फटका दिला की तो परत खुर्चीत बसला. एडिल्सानं आठ बोल्ट काढले, स्पीकर उचलून टेबलावर पालथा घातला. मॅग्नेटवर छापील आकड्याचं चकचकीत लेबल होतं. तिनं ते नखानं सोललं. खाली कानशीच्या तिरप्या रेघा. आकडा खरवडलेला.

"बघ मास्तर. रेघा डावीकडं उतरत्यात. वस्तीत डावऱ्या हातानं कानस कोन चालवतं?"

 सगळे तिचा डावा हात बघत होते.

"यानं काही सिद्ध होत नाही," सामुदियो म्हणाला. "रेघा कोणीही—"

तिनं स्पीकर कलता केला आणि कोनाच्या मागल्या अंगाला वस्तऱ्याचं टोक लावलं. तिथं डिंकाचा काळा थर होता, तळव्याएवढा. थराचा कोपरा उचकटला आणि खालून कागद दिसला. गुलाबी, बारीक नक्षीचा. वर चार आकडे, आणि इथल्याच लॉटरीचं नाव, आणि सोडतीची तारीख. सतरा वर्षांपूर्वीची.

"बाटलीचा तुकडा उडून फाटला व्हता ह्यो. नाचाला भाड्यानं स्पीकर लावनाऱ्या मातेओचा," एडिल्सा म्हणाली. "तवा पातळ आन् चिवट कागद घावायचा न्हाई. न लागल्याली लॉटरीची तिकिटं रस्त्यात पडायची, ती मी येचून आनायची. फोम मागल्या वर्साला मातेओच्या बायकोनं बदलून घेतला, इकायचंय म्हनून. आता सांगा मला, बावीस वर्सं सीलबंद असल्याल्या खोक्यात रेबोलोतलं लॉटरीचं तिकीट कोन घालून आलं?"

 बाहेर गाढवानं पाय आपटला.

लिबार्दो हळूच उठला. स्पीकरकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं, मास्तराकडं बघितलं. मग घसा खाकरून म्हणाला, "मला वाटलंच व्हतं. बास जरा ढिला लागत व्हता."

"व्हय व्हय," मास्तर म्हणाला. "मघाशी मी बोललो न्हाई, पर पोटात शिरत न्हवता."

एडिल्सानं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. अठ्ठावीस वर्षांत तिला कुणी शाबासकी दिली नव्हती. आज तासभर देत बसले होते, आणि ती हिची आहे कळल्याबरोबर ओकून टाकली. तिला वाटलं, या सगळ्यांचे कान काढून खारवून वाळत घालावेत, मांजरंही खायची नाहीत.

सामुदियो तेवढा गडबडला नव्हता. त्यानं स्पीकर जपून खोक्यात घातले, कोपरे दाबले, आणि तिच्या जवळ सरकून आवाज उतरवून म्हणाला, "बाई, राग धरू नका. माझा धंदा आहे. पण हात मात्र मानला. माझ्याकडं अशा आणखी सहा जोड्या आहेत, सगळ्या फाटलेल्या. मजुरी तुम्ही सांगाल ती."

"करते. एका अटीवर. खोक्यावर माजं नाव घालायचं. एडिल्सा चारिस, रेबोलो. आन् किंमत हीच सांगायची."

तो हसला. टोचून नाही, अगदी मनापासून. बाजारभाव सांगावा तसा म्हणाला, "तुमच्या नावाला ही किंमत कोण देईल, बाई?"

हे खरं होतं, म्हणून तर ते ऐकून तिला जास्त घाण वाटली. "मग ऊठ," ती म्हणाली, "न्हाईतर हितल्या पोरास्नी सांगते तुजं खोकं गाढवाच्या गळ्यात बांधा."

तो गेला. मासळीवाल्यानं दोरखंड सोडला, चार शिव्या दिल्या आणि फ्रीजर जमिनीवर टाकून गाडी हाणली. आता तो आत कोण नेणार म्हणून एडिल्सानं मागं बघितलं, तर सगळे पुरुष टेबलाभोवती गोळा झालेले. वस्तऱ्यानं उचकटताना तिकिटाचा तुकडा निघून आला होता, आणि मास्तर तो उजेडात धरून एकेक आकडा मोठ्यानं वाचत होता.

"सतरा वर्सं लपून बसल्याला आकडा," तो म्हणाला, "असा उगं वर येत न्हाई. आजच्या सोडतीला लावायचा."

"उलटा का सुलटा?" लिबार्दोनं विचारलं.

"दोन्ही."

आणि सगळे उठले. खुर्च्या मागं सरकल्या, बियरच्या बाटल्या तशाच राहिल्या, आणि आठ-दहा माणसं कोपऱ्यावरच्या आकडेवाल्या बाईच्या टपरीकडं जवळजवळ पळत सुटली. लिबार्दो सगळ्यांत पुढं. फ्रीजरला वळसा घालून गेला.

रस्त्यात दोघी बायका आणि फ्रीजर राहिले.

"धर," एडिल्सा म्हणाली.

नेरेइदानं एक बाजू धरली, तिनं दुसरी. उंबऱ्यापाशी थांबून दम घेतला, परत उचलला, खुर्च्या ढुंगणानं ढकलत अड्ड्यातून मागल्या पडवीपर्यंत आणला. घामानं दोघींचे झगे अंगाला चिकटले. घमेल्यातल्या कांड्या निम्म्याअर्ध्या मऊ झाल्या होत्या, पण वायर लावली तर तासादोनतासांत सावरल्या असत्या.

"वन्सं," नेरेइदा धापा टाकत म्हणाली, "तुम्ही नसता तर आज माजं घर बुडलं असतं. देव तुमचं भलं करो."

"जरा तुज्याकडनं खाली घे. भिंतीला लागतोय."

"घेते." तिनं जरा खाली घेतला. मग दाराकडं बघून, हळूच, "वन्सं, त्यो आकडा कंचा व्हता वो? मला मधनंच ऐकू आला. सातानं सुरू व्हता का नवानं?"

एडिल्सानं फ्रीजर खाली ठेवला नाही, आदळला.