मागचा उजवा

कुमुदमावशी कधी पाठ उघडी टाकून बसली नाही. लग्नाला गेली तर कार्यालयाच्या भिंतीला लागून खुर्ची धरायची, कीर्तनाला गेली तर देवळातला खांब पकडायची आणि एसटीत शेवटचं बाकडं मिळावं म्हणून चांगल्या रिकाम्या गाड्या सोडून द्यायची. शेवटच्या बाकावर हाडं खिळखिळी होतात असं काका म्हणाले, की तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "हाडं जुळवता येतात हो. मागून कोण आलं ते कळलं नाही, तर मग काय जुळवणार?" लहानपणी आम्ही भावंडं तिला मागून 'भॉक' करायला टपून असायचो, पण ते आम्हाला एकदाही साधलं नाही.

ती माझ्या आईची धाकटी बहीण. पावसच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून बरंच आत, हापूसच्या बागेत तिचं घर होतं. जांभ्याच्या जाड भिंती, पुढे अंगण, मागे पडवी आणि चारी बाजूंना कलमं. बागेचं काम बघणारा गोविंदा हाच काय तो शेजार, पण त्याच्या घरापर्यंत हाक पोचायची नाही. काका होते तोवर मावशी भिऊनही सुखात होती. ते दाराशी झोपायचे, आंब्याच्या व्यापाऱ्यांशी फोनवर भांडल्यासारखं बोलायचे आणि त्यांच्या खोकल्याने कलमांवरची वटवाघळं उडायची. ते गेले आणि घर एकदम गप्प झालं.

मुलगा मंदार पुण्याला. काकांचे दिवस झाल्यावर त्याने सरळ सांगितलं, "आई, घराला कुलूप लाव आणि माझ्याबरोबर चल." ती नाही म्हणाली. रडारड झाली, वादावादी झाली आणि शेवटी मंदारने अट घातली. रोज संध्याकाळी तो फोन करणार; ज्या दिवशी आई 'भीती वाटते' म्हणेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन दारात उभा. मावशीने अट मान्य केली. जन्मभर जी फक्त भीतच आली, त्या बाईने रोज फोनवर भीती लपवायचं कबूल केलं, ते केवळ घर सुटू नये म्हणून. फोन यायच्या आधी ती कढत पाणी प्यायची, म्हणजे आवाज कापत नाही म्हणे.

"भ्यायचं तर पद्धतशीर भ्यावं," असं ती म्हणायची. "किंचाळून काय होतं? घसा बसतो." तिची पद्धत ठरलेली होती. दिवेलागणीच्या आधी मागचं दार लावायचं, त्याला आतून लाकडी आडणा घालायचा, मग खिडक्या, मग पडवीतला दिवा, मग देवापाशी निरांजन. देवाचा नंबर शेवटचा का, असं मी एकदा विचारलं. "देवाला आडणा लागत नाही," ती म्हणाली.

आणि एक दिवस तिचा मला फोन आला. "श्री, मला तो घरातला सिनेमा हवाय. चारी बाजूंनी बोलतो तो." मी रत्नागिरीत एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून. पण एकदा कोणाचा तरी टीव्ही लावून दिला तेव्हापासून मला वायरींतलं कळतं असा आमच्या नात्यागोत्यात गैरसमज आहे. मावशीला सिनेमाचं वेड कधीच नव्हतं. मी कारण विचारलं तर म्हणाली, "घरात माणसं नकोत का?"

शहरातल्या दुकानात आम्ही गेलो. दुकानदाराने आम्हाला काळोख्या खोलीत बसवलं; मावशी अर्थातच भिंतीला टेकली. "आता तुमच्या मागून हेलिकॉप्टर जाईल बघा, काकू," तो म्हणाला.

"माझ्या मागून हेलिकॉप्टर कशाला जाईल? खोकला ऐकव. शेजारच्या खोलीत माणूस खोकतोय असा."

त्या बिचाऱ्याने आजवर मारामाऱ्या आणि स्फोट दाखवून माल खपवला होता. खोकला शोधताना त्याच्या नाकी नऊ आले. टीव्हीखाली ठेवायचा लांबोडा साउंडबार त्याने लावून दाखवला, तो तिने नाकारला. "सगळी माणसं एका बाकड्यावर बसवल्यासारखी वाटतायत. एक आत, एक बाहेर, एक मागे, अशी हवीत." बिनवायरचे स्पीकर नको म्हणाली, कारण आवाज कुठून येतो ते वायर धरून शोधता आलं पाहिजे. संवाद मधल्या स्पीकरमधून येतात असं कळल्यावर तो तिने दुकानातला सगळ्यात भारदस्त निवडला. उरला सबवूफर, म्हणजे खालचे घुमणारे आवाज काढणारा पेटारा. दुकानदार प्रामाणिक होता. म्हणाला, "काकू, याचा आवाज भिंतीतून बाहेर जातो. शेजारी तक्रार करतात."

"मग हाच दे," मावशी म्हणाली. "घरात पुरुष माणूस आहे असं बाहेर वाटलं पाहिजे. आणि तक्रार करायला कोण येतं, ते तरी कळेल."

दुकानदार हसला. मी हसलो नाही, कारण ते बोलताना तिची बोटं माझ्या बाहीत घट्ट रुतलेली होती.

एका रविवारी मी सगळं जोडून दिलं. पुढे दोन, मध्ये एक, मागे दोन, कोपऱ्यात पेटारा आणि सगळ्यांच्या वायरी येऊन मिळतात तो रिसीव्हर टीव्हीखाली. एका स्पीकरची लाल आणि काळी टोकं माझ्याकडून उलटी लागली होती. मला पत्ताही नव्हता, ती लगेच म्हणाली, "हा माणूस विहिरीतून बोलतोय." पाचही स्पीकर तिने नावांनिशी पाठ केले. रिसीव्हरमध्ये एक सोय होती, एकेका स्पीकरमधून पाळीपाळीने नुसती खरखर ऐकवायची. तिला ती सिनेमापेक्षा जास्त आवडली. रोज संध्याकाळी ती हजेरी घ्यायची. पुढचा डावा, मधला, पुढचा उजवा, मागचा उजवा, मागचा डावा. सगळे हजर असले की मग सिनेमा. तोही कुठला, तर भरल्या घराचा. लग्नं, बारशी, सासवा-सुनांची भांडणं. सिनेमाचं नाव ती विचारायची नाही. "यात माणसं किती आहेत?" एवढंच विचारायची.

अडचण एकच होती. मागचे स्पीकर मागून ऐकू यायला खुर्ची खोलीच्या मध्ये हवी. म्हणजे भिंत सोडायची आणि मागच्या दाराकडे पाठ करायची. मी हे सांगितलं तेव्हा मावशीचा चेहरा उतरला. पुढच्या खेपेला गेलो तर खुर्ची भिंतीपासून वीतभर पुढे आलेली, त्याच्या पुढच्या खेपेला हातभर. पावसाळा सरेपर्यंत ती मध्यावर आली. बसताना मावशी खुर्चीचे दोन्ही हात इतके घट्ट धरायची की बोटांची पेरं पांढरी पडायची. तरी बसायची.

थंडी सुरू झाली आणि गोविंदाने बातमी आणली. "वयनी, वाघ फिरतोय. वाडीतली दोन कुत्री गेली. सांजचं भायर पडू नका." आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात आणि पावसच्या रस्त्याला तो दिसला ही बातमी काही नवी नाही. पण या वेळी तो बागेच्या दगडी गडग्यापर्यंत आला होता. मावशीने त्या संध्याकाळी मंदारला फोनवर सांगितलं, थंडी छान पडलीय, मोहोर चांगला येईल. मग मला फोन केला आणि रविवारी येशील का, एवढंच विचारलं.

त्या रविवारी मी मुद्दाम गेलो. मागच्या उजव्या स्पीकरची वायर उंदरांनी कुरतडली होती. माझ्याकडे दुसरी वायर नव्हती, म्हणून मी ती रिसीव्हरपासून सोडवून टाकली आणि पुढच्या आठवड्यात आणतो म्हणालो. दुपारभर आम्ही पडवीत बसून गप्पा मारल्या. उन्हं कलली तसा चहा घेऊन आत आलो. ती मधल्या खुर्चीत, मी बाजूला पाटावर. सिनेमातल्या घरात वाटण्यांवरून भांडण चाललं होतं आणि सासरे गरजत होते. बाहेर तिन्हीसांजा झाल्या होत्या.

तेवढ्यात मागून आवाज आला. जाड लाकडावर कोणी करवत ओढावी तसा, एकदा, आणि थांबून पुन्हा एकदा. मी पडद्याकडेच बघत होतो. सिनेमातलं कोणीतरी काहीतरी सरकवत असेल, एवढंच मनात आलं.

"श्री," मावशी मान न वळवता म्हणाली, "मागचा उजवा बंद आहे ना?"

"हो."

"मग हे कोण बोललं?"

मागच्या उजव्या कोपऱ्यात, स्पीकरच्या शेजारीच मागचं दार होतं. ते नुसतं लोटलेलं होतं. काका गेल्यापासून पहिल्यांदाच मावशी आडणा घालायचा विसरली होती, कारण मी घरात होतो. दाराच्या फटीतून पडवीतल्या अंधाराची एक उभी पट्टी दिसत होती आणि पडवीच्या फरशीवर काहीतरी जड पण मऊ चालत होतं. मला उठायचं होतं. पाय माझे नव्हतेच.

मावशीने रिमोट उचलला आणि आवाज चढवत चढवत पार टोकाला नेला. सासऱ्यांचा आवाज पेटाऱ्यातून असा घुमला की फडताळातली भांडी थरथरली. मग ती उठली. तिचे दात वाजत होते, लुगड्याचा पदर लटलट कापत होता. ती दाराकडे चालायला लागली आणि चालताना मोठ्याने म्हणत होती, "भितेय हो, मी भितेय. भितेय मी." मला नाही, देवाला नाही, कोणाला सांगत होती कुणास ठाऊक. तिने दार रेटलं, आडणा उचलला, तो एकदा हातातून निसटला, तिने वाकून पुन्हा उचलला आणि खाचेत बसवला. पडवीच्या पलीकडे पाचोळा खसखसला आणि खसखस लांब गेली.

"शेपूट दिसलं," ती म्हणाली. "लांब होतं." आणि तिथेच दाराला पाठ लावून जमिनीवर बसली. दुसऱ्या दिवशी गोविंदाने पडवीच्या पायरीशी मातीत उमटलेला पंजा मला दाखवला, तो माझ्या तळहाताएवढा होता.

पण त्या संध्याकाळी आम्ही आवाज बंद करतो न करतो तोच फोन वाजला. मंदारची वेळ झाली होती. कढत पाणी प्यायला सवड नव्हती. मी खुणेने म्हटलं, मी बोलतो. तिने मान हलवली आणि फोन घेतला.

"आई, सगळं ठीक ना?"

"नाही रे," मावशी म्हणाली. आवाज इतका कापत होता की शब्द तुटत होते. "वाघ आला होता पडवीत. मला भीती वाटतेय. आजच नाही, रोज वाटते. तुझे बाबा गेले तेव्हापासून रोज वाटते आणि मी रोज तुला खोटं सांगते."

मंदार म्हणाला, "मी उद्या निघतो. तू सामान भर."

"ये. चार दिवस राहा. पण सामान मी भरणार नाही. अरे, भीती काय, ती माझ्याबरोबर पुण्यालाही येईल. इथे निदान तिला दारं माहीत आहेत."

फोन ठेवल्यावर तिला असं कापरं भरलं की पाण्याचा पेला मला तिच्या ओठांशी धरावा लागला.

मंदार आला, चार दिवस राहिला आणि एकटाच परत गेला. त्यानंतर मावशी जगली तेवढी वर्षं त्याच घरात जगली. संध्याकाळचा फोन चुकला नाही. एक-दोनदा मी तिथे असताना तो आला, म्हणून मला माहीत आहे. मंदार विचारायचा, "आई, भीती वाटते का गं?"

"वाटते तर," मावशी म्हणायची. "तू जेवलास का?"