जीभ काढायची नाही

आष्टीकडचा एक मेंढपाळ म्हातारा सात वर्षांच्या नातीला घेऊन बीडला माझ्या दवाखान्यात आला. पोरीच्या गळ्यावर, बरोबर मधोमध, बोराएवढी गाठ. गाठ जिरावी म्हणून गावात कुणीतरी तिच्यावर बिब्ब्याचा चटका दिलेला. कातडी भाजली, गाठ होती तिथंच. असल्या उपायांनी माझं डोकं फिरतं, पण आधी पोरीला तपासायला घेतलं.

गळ्याच्या मधोमध असणाऱ्या जन्मजात गाठीची सोपी खूण म्हणजे जीभ बाहेर काढली की ती वर सरकते. "जीभ काढ बघू, बाळा." पोरीने ओठ घट्ट मिटले. मी माझी काढून दाखवली. सिस्टर हसल्या, पोर ढिम्म.

"न्हाई काढायची ती," म्हातारा अभिमानाने म्हणाला. "मोठ्या मानसाम्होरं जीभ काढली तर थोबाड फोडीन, असं सांगून ठिवलंय म्या."

त्याला बाहेर बसवलं, तेव्हा कुठे जीभ निघाली आणि गाठ हळूच वर सरकली. सोनोग्राफीत थायरॉईड ग्रंथी तिच्या जागी वेगळी दिसली, म्हणजे गाठ हीच ती ग्रंथी नव्हती आणि काढायला हरकत नव्हती.

पण नुसती गाठ काढून भागत नाही, तिचं मूळ ज्यातून जातं त्या गळ्यातल्या हाडाचा मधला तुकडाही काढावा लागतो. हराळी वरवर कापली तर पुन्हा फुटते, तसंच हे, असं मी समजावलं. म्हातारा हाडावर अडला.

"मुकी झाली मंग? मेंढरं तिच्याच हाकेवर वळत्यात, डाक्टर."

आवाज जाणार नाही, असं मी ठासून सांगितलं. पोरीचे आईबाप कळपामागे रानात. घरात शब्द म्हाताऱ्याचा. शेवटी तो हो म्हणाला आणि लेकाला फोन लावला.

ऑपरेशन नीट झालं. पण दुसऱ्या दिवशी पोर बोलेना. पाणी प्यायली, मान हलवली, शब्द नाही. दुखत असेल, घाबरली असेल, असं मी सगळ्यांना सांगत होतो आणि आतून मीच घाबरलो होतो. म्हातारा कॉटशेजारी उकिडवा बसून माझ्याकडे नुसता बघायचा. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी राउंडला गेलो तो दारातच थांबलो. म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, नातीवर वाकला आणि तंबाखूने काळी पडलेली जीभ लांबलचक बाहेर काढली.

पोर बघतच राहिली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आज्या, थोबाड फोडीन!"

म्हातारा पटक्याच्या शेवाने डोळे पुसत राहिला. मीही जरा वेळानेच आत गेलो.