शेवटचा नग

जळगाव जामोदचे नीळकंठराव उमाळे एका सरकारी कचेरीच्या भांडारात उभी हयात घालवून निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, "उमाळ्यांच्या काळात भांडारातून टाचणीसुद्धा हलली नाही." खरंच होतं ते. त्या कचेरीतले कारकून कागद घरून आणत आणि टेबलावरचे बल्ब वर्गणी काढून लावत. नीळकंठरावांना मात्र ते वाक्य इतकं गोड लागलं, की हा अनुभव वाया जाऊ नये म्हणून त्यांनी दुकान काढलं. इलेक्ट्रॉनिक पार्ट्सचं. इतक्या तऱ्हेचा, इतका बारीक आणि इतका खणात मावणारा माल दुसऱ्या कोणत्या धंद्यात मिळणार?

गावाला काय लागतं, हे त्यांनी कोणाला विचारलं नाही. लागत होतं साधंच. पंख्याचा कंडेन्सर, मिक्सरचे कार्बन, चार्जरची पिन. आणि सातपुड्याच्या पायथ्याशी रानडुकरं मक्यात घुसतात, म्हणून कुंपणाच्या झटका मशीनचे ट्रान्झिस्टर. नीळकंठरावांनी अकोल्याहून जे मिळेल ते सगळं आणलं. रेझिस्टन्स तर अशा अशा मापांचे, की बनवणाऱ्यालाही ते कशासाठी बनवले हे आठवत नसेल. भिंतभर खण झाले, प्रत्येकावर वळणदार अक्षरात चिठ्ठी लागली. उद्घाटनाला आलेले लोक "बाप्पा बाप्पा!" करत पेढे खाऊन गेले.

आणि महिन्याभरात दुकानावर संकट आलं. माल खपू लागला.

कंडेन्सरचा खण रिकामा पडला. भरला, तर पुन्हा रिकामा. चार्जरच्या पिनांची तीच गत. भरलेल्या भिंतीत ते रिकामे खण पडलेल्या दातांसारखे दिसत. नीळकंठरावांना जेवण गोड लागेना. शेवटी त्यांनी धंद्याचं धोरण ठरवलं: जी वस्तू टिकत नाही, ती मागवायची नाही. कोणत्याही मालाचा शेवटचा नग विकायचा नाही. तो नमुना म्हणून राहील. या धोरणाला यश आलं. थोड्याच दिवसांत दुकान कोणालाच नको असलेल्या वस्तूंनी गच्च भरलं आणि बाकीच्या खणांत एकेक नग मानानं नांदू लागला.

मका कणसावर आला तेव्हा पायथ्याकडचे शेतकरी रंगराव धावतपळत दुकानात शिरले. झटका मशीन बंद पडलं होतं. हातात जळका ट्रान्झिस्टर होता.

"भाऊ, असा आहे का?"

नीळकंठरावांनी खण ओढला, ट्रान्झिस्टर काढला, उजेडात धरून दाखवला. "आहे."

"द्या मंग."

"देता येणार नाही. शेवटचा आहे."

"शेवटचा आहे म्हून तं मांगून राह्यलो! काऊन नाही देत?"

"तुम्हाला दिला, तर उद्या कोणी आला त्याला काय दाखवू?"

"म्हंजे मले पाह्यले आहे, न् घ्याले नाही?"

"माझ्याकडे प्रत्येक वस्तू आहे, रंगराव. ही शिस्त आहे."

रंगराव एसटीनं खामगावला गेले. ते परत येईपर्यंत डुकरांनी मक्याचं शिस्तीत जेवण केलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात नीळकंठरावांच्या घरचा पंखा थांबला. वैशाखाचं ऊन, पत्र्याची खोली. त्यांची बायको स्नेहलता पदरानं वारा घेत म्हणाली, "अहो, कंडेन्सर गेला असंन. दुकानातून घेऊन या."

"बघतो," म्हणून ते निघाले. दुकान उघडलं. कंडेन्सर खणात होता, एकच. त्यांनी तो फडक्यानं पुसला, परत ठेवला, कुलूप लावलं आणि बसस्टँडजवळच्या प्रज्वलच्या दुकानात गेले.

प्रज्वलचं दुकान म्हणजे एक टेबल. माल चारच गोष्टींचा. पण पोरगा महाबिलंदर. काहीही बिघडलेलं आणा, त्याचं निदान त्या चारांतच बसायचं. रेडिओ बोलेना, तरी कंडेन्सरच गेलेला असायचा. त्यानं गठ्ठ्यातला एक काढून दिला. नेमके तेव्हा रंगराव तिथं मोबाईल घेऊन बसलेले.

"काऊन हो भाऊ, तुमच्या दुकानात नाही का कंडेन्सर?"

"आहे," नीळकंठराव म्हणाले. "पण तो हलवता येत नाही."

टेबलाभोवतीची माणसं अशी हसली, की पलीकडचा रसवंतीवाला चरक थांबवून बघायला आला. संध्याकाळी शेजारच्या बेबीताईनं ती गोष्ट तिखटमीठ लावून स्नेहलताला सांगितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा घोरू लागल्यावर स्नेहलतानं त्याच्या उशाची किल्ली घेतली आणि दुकान उघडून बसली. बेबीताई बाजारभर सांगत सुटली, की आज सगळं मिळते. लोक आले. रंगराव पहिले. ट्रान्झिस्टर गेला, कंडेन्सर गेला, कार्बन गेले. ज्याला जे हवं ते तिनं काढून दिलं. काही जणांनी नको असलेलंही नेलं, पुन्हा ही संधी येणार नाही म्हणून.

नीळकंठराव आले तेव्हा ऊन कललं होतं. दारातूनच त्यांनी रिकामे खण मोजले.

"स्टॉक कुठं आहे?"

"लोकांच्या घरी."

"सगळा?"

"जो कामाचा होता तो. बाकीचा आहे इथंच, तुमच्यासाठी."

ते स्टुलावर बसले. कचेरीत आग लागली असती तरी त्यांना एवढं लागलं नसतं. आगीचा पंचनामा तरी होतो.

त्यानंतर दुकान स्नेहलताच चालवू लागली. गिऱ्हाईक काय मागतं ते ऐकायचं आणि तेच मागवायचं, एवढंच तिचं धोरण. भिंतीवरचे अर्धे खण तिनं काढून टाकले. जागा झाली, तिथं खिडकी पाडली. धंदा बरा चालला.

नीळकंठरावांची काळजी मात्र कोणी करू नये. असा माणूस गावानं वाया जाऊ दिला नाही. मंदिराच्या समितीनं लग्नकार्याला भाड्यानं द्यायच्या भांड्यांची कोठी त्यांच्या ताब्यात दिली. वर्षाअखेरच्या सभेत अध्यक्षांनी सांगितलं, की कोठीतला एक डावसुद्धा हरवला नाही, एका पातेल्याला पोचा आला नाही. नीळकंठरावांना शाल-श्रीफळ दिलं. त्यांनी डोळे पुसले. टाळ्या जोरात वाजवणाऱ्यांत रंगरावही होते. नातवाच्या बारशाची भांडी त्यांनी परवाच शेजारच्या गावाहून ट्रॅक्टरनं आणली होती.