सुमन सिस्टरांची पात्रता

सुमनताई आमच्याच मजल्यावर राहतात, पण सोसायटीत त्यांना ताई कुणी म्हणत नाही. सगळ्यांच्या त्या सिस्टर. पिंपरीत महापालिकेच्या दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली, त्यातली निम्म्याहून जास्त अपघात विभागात. निवृत्त झाल्यावर बाई आता भिशी लावतील, नातवंडं खेळवतील, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांनी सीईटी दिली आणि कायद्याच्या तीन वर्षांच्या कोर्सला नाव घातलं.

का, असं विचारलं की त्या रविराजबद्दल सांगायच्या. चाकणजवळच्या खेड्यातला हा मुलगा एका लहान वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर होता. पत्रा दाबणाऱ्या त्या यंत्राखाली त्याचा उजवा हात आला. ड्रेसिंग करताना तो सारखा विचारत होता, "सिस्टर, बोटं ऱ्हातील का?" दोन राहिली नाहीत. पुढे त्याच्या भावानं मोबाइलवर यंत्राचा फोटो दाखवला. यंत्रावरच्या पाटीवर सगळी चिनी अक्षरं. विभागातल्या कुणालाच ती वाचता येईनात.

"हाताचं ड्रेसिंग मी केलं," सिस्टर म्हणायच्या, "पण हे यंत्र बनवणाऱ्याला कुणी काही विचारायचं की नाही, हे मला माहीत नव्हतं. ते माहीत करून घ्यायचं होतं."

दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या फलकावर सूचना लागली. विद्यापीठामार्फत शांघायमध्ये चार आठवडे चिनी कायद्याचा अभ्यासक्रम. पात्रता: पहिलं वर्ष पूर्ण, एकही विषय राहिलेला नको, पासपोर्ट हवा, चिनी भाषा यायची गरज नाही. वयाचा उल्लेखच नव्हता. शेवटची अट मात्र आडवी आली: परीक्षा इंग्रजी माध्यमातून देणारेच विद्यार्थी पात्र. सिस्टरांनी सगळे पेपर मराठीत लिहिले होते.

त्या थेट कुलदीप सरांकडे गेल्या. अभ्यासक्रमाचं काम त्यांच्याकडे होतं आणि ते सिस्टरांच्या थोरल्या मुलाच्या वयाचे होते.

"सर, ही अट कशासाठी आहे?"

"तिथले वर्ग इंग्रजीत असतात, मॅडम."

"म्हणजे मला इंग्रजी कळलं पाहिजे. पेपर कुठल्या भाषेत लिहिला, याच्याशी त्याचा काय संबंध?"

"तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण अट समितीनं घातलीय. मी एकटा ती काढू शकत नाही."

"मग समितीपुढे मला उभं करा. नाही म्हणाले तर तोंडावर म्हणू देत."

घरी नवनाथनं, म्हणजे मुलानं, कपाळाला हात लावला. "आई, गुडघे दुखतात तुझे. तिथं खाण्यापिण्याचं काय?" उद्धवराव, सिस्टरांचे यजमान, मूळचे धाराशिवकडचे. टीव्हीवरची नजर न काढता ते म्हणाले, "गुडघे इथं बी दुखतेतच की. जाऊ दे तिला."

समितीत तिघं जण होते. अध्यक्ष बाईंनी इंग्रजीत विचारलं, हा अभ्यासक्रम का हवाय? सिस्टरांनी पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हटलं आणि दुसऱ्याला त्या अडखळल्या. मग मराठीत म्हणाल्या, "भाषण मला जमायचं नाही. ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला रिपोर्ट द्यायचे, तसं सांगते." आणि इंग्रजीत सुरू झाल्या. रुग्ण पुरुष, प्रेस ऑपरेटर. उजवा हात चिरडलेला. रक्तस्राव किती, शुद्ध कशी, काय दिलं, काय उरलं. छोटी, सरळ वाक्यं, एकही शब्द वाया नाही. शेवटी त्या म्हणाल्या, यंत्र चीनचं होतं, पाटी कुणाला वाचता आली नाही, आणि त्या पाटीवरच्या नावाची जबाबदारी किती, हे मला शिकायचंय.

अध्यक्ष बाईंना बोलणं पटलं, पण वाचनाची खात्री हवी होती. त्यांनी कोर्टाच्या एका इंग्रजी निकालाचं पान पुढे केलं. सिस्टरांनी ते वाचलं, अर्थ सांगितला, आणि एक वाक्य सपशेल उलटं सांगितलं. बाईंनी चूक दाखवली. सिस्टरांनी पान पुन्हा जवळ ओढलं, ते वाक्य वाचलं आणि म्हणाल्या, "हो, चुकलंच. असं आणखी वाचायला द्या, म्हणजे चुकणार नाही."

निर्णय असा झाला: अर्ज मान्य, पण आधी इंग्रजी निकाल वाचायचा वर्ग करायचा आणि त्याची चाचणी द्यायची. आणि यंदापासून ही सोय मराठीत पेपर लिहिणाऱ्या सगळ्यांना. सिस्टर सुट्टीभर त्या वर्गाला गेल्या. संस्कृती आणि अजिंक्य, दोघं मराठी माध्यमाचेच, त्यांच्या बाकावर असायचे. चाचणीत सिस्टरांना अजिंक्यपेक्षा कमी गुण पडले, पण पास झाल्या. तिघंही शांघायला गेले.

तिथं पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्गात आपला प्रश्न विचारला. शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या. त्या म्हणाल्या, "वस्तूत दोष असेल आणि त्यानं इजा झाली, तर आमच्या कायद्यात बनवणाऱ्यावर जबाबदारी येते. पण इजा तुमच्या देशात झाली. तेव्हा आधी ठरवावं लागेल, कायदा कुठला लागू. आणि मला एक सांगा, अशा यंत्राला हात आत जाऊ नये म्हणून जाळी असते. ती होती का?"

सिस्टरांनी तो प्रश्न वहीत उतरवून घेतला. इतकी वर्षं त्या समुद्रापलीकडच्या माणसावर रागावल्या होत्या, आणि हे विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं. "मला तिथं वाईट नाही वाटलं," त्या मला म्हणाल्या. "उलट वाटलं, इथवर आले ते बरंच झालं. घरी बसून हा प्रश्न मला पडलाच नसता."

परत आल्यावर त्यांनी रविराजला फोन लावला. तो आता दुसऱ्या कंपनीत स्टोअरला आहे.

"जाळी? व्हती की," तो म्हणाला. "माल लवकर निघंना म्हणून काढून ठिवलेली. कोपऱ्यात पडून असायची."

त्या दिवशी सिस्टरांनी चहा दोनदा गरम केला आणि दोन्ही वेळा तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी कुलदीप सरांना भेटून त्यांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय बदलून घेतला: यंत्र बनवणाऱ्याच्या जागी आता जाळी काढून ठेवणाऱ्या मालकाची जबाबदारी.

आता त्या दर शनिवारी पिंपरीत एका वकील बाईंकडे बसतात. कामगारांच्या भरपाईचे दावे तिथं चालतात. परवा लिफ्टमध्ये भेटल्या, काळा कोट शिवायला टाकून आल्या होत्या. "सनद मिळायला वेळ आहे अजून," त्या म्हणाल्या, "पण ऐनवेळी शिंप्याला घाई नको ना करायला." आणि मजला आल्यावर माझ्या पुढे निघून गेल्या.