बेत आणि माया

मास्तरांनी उभा जन्म लोकांची मापं घेतली. फीत कमरेभोवती आली की भलाभला पोट आत ओढायचा. मग मास्तर म्हणायचे, "श्वास सोडा. शर्ट तुम्हाला घालायचाय, आरशाला नाही."

आता त्यांचंच माप निघायचं होतं. प्रोस्टेटचा कॅन्सर. उपचार होऊनही रक्तातला आकडा पुन्हा चढला होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजार बाहेर सरकलाय. मोजक्या जागी असला तर तेवढ्यावरच नेम धरून किरणं देऊ. अंगभर असला तर हा मार्ग नाही."

"म्हणजे जिवावर बेतलंय," काजं-बटणं करणारी त्यांची बायको पुटपुटली.

"बेतायचं अजून बाकी आहे. आधी कापड तर बघू दे," मास्तर म्हणाले.

सुईतून औषध गेलं. ते अंगभर हिंडून आजाराला चिकटतं आणि फोटोत उजळतं, एवढं मास्तरांनी विचारून घेतलं. औषधाला पत्ता कोण सांगतं, हे मात्र त्यांना उमगेना.

पडद्यावर त्यांचं शरीर उमटलं, मळक्या अस्तरासारखं करडं. आणि त्यात गालांशी, कुशीत, ओटीपोटात ठिपकेच ठिपके. मास्तर ते मोजू लागले.

"एवढे?"

"छे. ह्या लाळेच्या ग्रंथी, ही मूत्रपिंडं, हे मूत्राशय. औषध तिथं सगळ्यांच्यातच दिसतं. आजार हा बघा, कमरेच्या हाडात. आणि या दोन गाठी. बस्स."

मास्तर पडद्याला नाक लावून बघत राहिले. भीती होतीच, पण डोळे हटेनात.

"मग कडेनं माया किती सोडता?"

"माया?"

"शिवणीत दाबलेलं जास्तीचं कापड हो," बायको म्हणाली. "माणूस सुटला तर उसवायला."

"सोडतो की. पण बेतानं. शेजारी आतडं आहे, माया जास्त झाली तर ते भाजेल."

"ऐका. थोरल्या पोराच्या बाबतीत मी जन्मभर हेच सांगत आले," बायको मास्तरांना म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. "आजार मुळासकट जाईल असा शब्द देत नाही. पण बेतण्याजोगं आहे."

पहिल्या दिवशी मास्तर यंत्राखाली आडवे झाले. पोटावर आखलेल्या खुणांवर प्रकाशाची रेघ आली, खडूच्या रेघेसारखी सरळ. ती कुठून येते ते बघायला त्यांनी मान उचलली, आणि नकळत पोट आत गेलं.

"काका," भिंतीतून तंत्रज्ञ मुलीचा आवाज आला, "पोट ओढू नका. श्वास सोडा."

मास्तरांनी सोडला.